लक्ष गेलं, बैल थांबले!

आमच्या सेंटरमध्ये मुलांचं लक्ष वाढवायचं काम चालतं, आणि ते करता करता माझं स्वतःचं लक्ष कशातच राहिलेलं नाही. दूध गॅसवर ठेवते आणि विसरते. स्कूटीची चावी स्कूटीलाच ठेवून जिना चढते. सेंटरमधला एकेक किस्सा मात्र डोक्यात असा चिकटून बसलाय की विचारू नका! जेवताना एखादा काढला की नवरा म्हणतो, "हा झाला सांगून." मग मी दुसरा काढते. त्याची पोळी संपते, माझा साठा संपत नाही.

आधी सेंटर सांगते. खामगावात सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाण्याचं, एक दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. माणसं तीन. मुलांचे डॉक्टर, त्यांना सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणतात. मानसशास्त्र शिकलेली मी, मला सगळे 'मॅडम' म्हणतात. आणि सुशीलामावशी, ज्या झाडू मारतात, चहा करतात आणि आम्हा दोघांना रागावतात.

ज्या मुलांचं लक्ष एका जागी ठरत नाही, त्यांच्या कपाळावर आम्ही एक पट्टा बांधतो. पट्ट्याला आतून चपटे सेन्सर, कानाला एक चिमटा. मेंदूत जी बारीकशी वीज खेळत असते ती पट्टा टिपतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. मूल लक्ष देऊन पाहत असलं की स्क्रीनवरचा खेळ पुढे सरकतो, लक्ष गेलं की थांबतो. हळूहळू मुलाला आपलं आपणच कळायला लागतं की लक्ष कधी सुटलं. कंपनीने खेळ दिला होता मोटारींच्या शर्यतीचा. डॉक्टरांनी त्यांच्या मागे लागून तिथे शंकरपट टाकून घेतला. शंकरपट म्हणजे आमच्या वऱ्हाडातली बैलजोड्यांची शर्यत. "आपल्या पोरांना आपलेच बैल पाहिजेत," डॉक्टर म्हणाले. या एका वाक्यापायी आम्ही काय काय भोगलं, ते आता ऐका.

* * *

पहिला मान सम्यकचा. सम्यक म्हणजे झेडपी शाळेतल्या एका बाईंचा दहा वर्षांचा मुलगा. एका खुर्चीत बसून दहाही दिशांना पाहणारा!

पहिल्या दिवशी मी त्याच्या आईला समजावून सांगत होते. पट्टा, सेन्सर, मेंदूतली वीज, सगळं. त्या बाई शिक्षिका, त्यामुळे मन लावून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे मॅडम, याच्या डोक्यात काय चालू हाय थे समदं त्या टीव्हीवर दिसते काय?"

मी उत्तर देणार तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली. मी दोन मिनिटांत परत आले, पट्टा हातात घेतला आणि सम्यककडे वळले. पोराचा चेहरा पांढरा पडलेला.

"मॅडम, थांबा! मशीन नका लावू. मी सोताच सांगतो!"

आणि सुरू झाला. आजीचा चष्मा पाण्याच्या टाकीत त्यानेच टाकला होता. वर्गातल्या घड्याळाचा काटा त्यानेच पुढे केला होता, सुट्टी लवकर व्हावी म्हणून. आणि मामाच्या लग्नात बुंदीच्या पातेल्यात सरडा निघाला होता, तोही त्यानेच सोडला होता.

आई थक्क. "अरे, थे बुंदी आपन सगळ्यायनं खाल्ली ना बे!"

सम्यक शांतपणे म्हणाला, "म्या नाही खाल्ली."

* * *

पट्ट्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तेल. कपाळ तेलकट असलं की सेन्सरला काही म्हणता काही कळत नाही, आणि पट्टा घसरून नाकावर येतो तो वेगळाच. पण आमच्याकडे 'डोक्याचा इलाज' म्हटलं की आयांना पहिली आठवण तेलाची! एरवी चमचाभर लावत असतील, सेंटरला यायचं म्हणून वाटीभर लावायच्या. पोरं अशी चमकत यायची की दिवा लावायची गरज नाही.

शेवटी मी जिन्याच्या तोंडाशी मोठ्या अक्षरात बोर्ड लावला : 'मुलांच्या डोक्याला तेल लावून आणू नये.'

दुसऱ्याच दिवशी एक ताई मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या कानाच्या पाळ्यांवरून थेंब गळत होते.

"ताई, खाली बोर्ड नाही वाचला का?"

"वाचला ना, मॅडम."

"मग हे तेल?"

"तेल कायचं, मॅडम? बदाम रोगन हाय थे! तुमच्या मशीनसाठी खास आनलं!"

मी बोर्ड बदलला. 'कोणतेही तेल लावू नये.' पुढच्या आठवड्यात एक आजीबाई नातवाच्या टाळूवर साजूक तूप थापून घेऊन आल्या. आता आमच्या मावशी साबण आणि नॅपकिन घेऊन जिन्यातच बसतात आणि जो येईल त्याचं कपाळ धुतात. मागे एकदा विजेचं बिल द्यायला आलेल्या माणसाचंही धुतलं.

* * *

पूर्वा आली ती पावसाळ्यात. पिंपळगाव राजाहून एसटीने, आबांच्या बरोबर. आबा म्हणजे तिचे आजोबा. धोतर, टोपी, गालात खर्रा. वर्षानुवर्षं तो तंबाखू-सुपारीचा घोटलेला ऐवज तोंडात असल्याने गालाचा आकारच तसा झालेला. नऊ वर्षांची पूर्वा जिन्यात होती तेव्हापासून तिचा आवाज वर येत होता. आत येईपर्यंत तिने मला विचारलं की पंख्याला पाती तीनच काऊन, खालचे दुकानदार सोता ढेप खातात काय, आणि माझं नाव काय. एकाही उत्तरासाठी ती थांबली नाही.

शाळेतल्या तक्रारी नेहमीच्याच. जागेवर बसत नाही, खिडकीबाहेर पाहते, गणित अर्ध्यात सोडते, बोलते, बोलते आणि बोलते. तिचे बाबा, गजाननराव, गावात कृषी केंद्र चालवतात. बी-बियाणं, खतं, फवारण्याची औषधं. त्यांनी जाहीर केलं होतं की दिवाळीपर्यंत फरक दिसला तर ठीक, नाहीतर दुसऱ्या सत्रात पोरगी होस्टेलात. तेही जालन्याच्या पलीकडे, 'कडक शिस्ती'चं. घरात दोन पक्ष पडले होते. एकीकडे पूर्वा, तिची आई आणि आबा. दुसरीकडे गजाननराव आणि त्यांचे दोन मोबाइल. बहुमत पहिल्या पक्षाकडे होतं, निर्णय दुसऱ्या पक्षाकडे!

आबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, पोट्टी होस्टेलात गेली तं मी बोलू कोनासंगं?"

मी उगाच पट्टा पुसायला घेतला.

तर पहिली बैठक. पूर्वाला पट्टा बांधला, स्क्रीनवर बैलजोडी उभी राहिली. पूर्वा पाहते आहे. बैलांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणि मागून आबा कडाडले, "हाऽऽऽ! हुर्रर्रर्र! चाल रे माह्या राजा!"

पूर्वा दचकून मागे वळली. बैल थांबले.

"आबा, ओरडायचं नाही," मी म्हटलं. "हे बैल लक्षावर पळतात, हाकेवर नाही."

"हाक नाही मारायची?" आबा चकित. "मंग बैलाले समजल कसं?"

त्यांनी कबूल केलं, तोंडावर हात ठेवून बसले. पण मी बाहेरच्या खोलीचं दार लावायला विसरले होते. तिथे पाच-सहा आयाबाप आपापल्या मुलांना घेऊन बसलेले. स्क्रीनवरचे बैल पुन्हा हलले मात्र, दारातून एकच गलका झाला! कोणी शिट्टी मारली, कोणी टोपी उडवली, एक बाई "डावा वड, डावा वड!" म्हणून ओरडत होत्या. ढेपेच्या दुकानातला हमालही वर आला. बैल जागच्या जागी गच्च! डॉक्टर तपासणी सोडून धावत आले आणि त्यांनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, की बाबांनो, पट आहे, पण पाहायचा मुकाट्याने. आवाज झाला की हे बैल थांबतात.

सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. मग आबा म्हणाले, "साहेब, असे बैल आमी बाजारात नेऊन इकून टाकतो."

* * *

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकरी औत पुजतात, ड्रायव्हर गाडी पुजतो, मग सेंटरने काय पुजायचं? सुशीलामावशींनी कोणाला विचारलं नाही. आदल्या संध्याकाळी आम्ही गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, मॉनिटरवर स्वस्तिक काढलं, आणि खरं काम करतो तो पट्टा, म्हणून त्याच्या एकेका सेन्सरला हळद-कुंकवाचं बोट लावलं. चांगलं ओलं करून, म्हणजे पडायला नको!

सुट्टीनंतर सेंटर उघडलं तर मशीन मुकं. कोणत्याही मुलाला बांधा, सिग्नल नाही. डॉक्टर हवालदिल. पुण्यातल्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"सर, सेन्सर्सवर काही लावलंत का? काही जेल वगैरे?"

डॉक्टरांनी पट्टा उलटा करून पाहिला. मग मावशींकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हळद-कुंकू."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"सर, हे कोणत्या कंपनीचं असतं?"

दिवसभर मी स्पिरिटचे बोळे घेऊन सेन्सर घासत बसले. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं. मावशी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि समाधानाने म्हणाल्या, "पाह्यलं ना? एका दिवसात बरं झालं. पूजा केली नसती तं आठ दिवस गेले असते!"

* * *

दसऱ्यानंतर एक चमत्कार घडायला लागला. सगळ्या मुलांचे बैल पळायला लागले! जो सम्यक दोन मिनिटं बसत नव्हता त्याची जोडी सुसाट. पूर्वाची जोडी तर थेट शेवटच्या खुंटापर्यंत पोचली आणि स्क्रीनवर गुलाल उडाला. आबांनी माझ्या मोबाइलवरून मुलाला फोन लावला. "गजा, पोट्टीचे बैल पोचले बे! आता होस्टेलचं नाव काढू नको!" डॉक्टरांनी सगळ्यांसाठी जिलेबी मागवली.

जिलेबी खाता खाता आबा म्हणाले, "मलेबी एकदा बांधा ना पट्टा. पाहू तं द्या कसं वाटते."

आनंदाचा दिवस, नाही कोण म्हणणार! बांधला. आबांनी जिलेबी संपवली, गालात खर्रा सारला आणि ते खिडकीबाहेर पाहत मावशींशी गप्पा मारत बसले. कोणाच्या पोराचं कुठे जमलं, कोणाचं मोडलं. स्क्रीनकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि स्क्रीनवर त्यांची बैलजोडी अशी उधळली की सेंटरमध्ये आजवर कोणाची उधळली नव्हती! खर्रा चघळला की बैल पळायचे. चघळणं थांबलं की बैल थांबायचे.

डॉक्टरांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. प्रकार त्यांच्या लगेच ध्यानात आला. दात आवळले की जबड्याचे स्नायू ताणतात, त्यांचीही वीज असते, आणि ती मेंदूच्या विजेपेक्षा फार दांडगी. आमच्या पट्ट्याला दोन्हीतला फरक कळत नव्हता. त्याला वाटायचं, अबब, केवढं हे लक्ष!

मुलांना रांगेत उभं केलं. चौकशीत निष्पन्न झालं की दात आवळायची युक्ती सम्यकने शोधली होती आणि जिन्यात बसून, बोरांच्या मोबदल्यात, एकेकाला शिकवली होती. पूर्वालाही.

डॉक्टर रागावलेले कमी आणि चक्रावलेले जास्त. "पण तुला हे कळलं कसं रे?"

सम्यक म्हणाला, "सर, लक्ष देऊन पाह्यलं."

त्या दिवसापासून नियम झाला. पट्टा बांधण्याआधी प्रत्येकाने 'आऽऽ' करून तोंड दाखवायचं, आणि पट्टा असेपर्यंत ओठ मिटलेले, दात सुटे. सगळ्यांचे बैल पुन्हा मूळ जागी येऊन उभे राहिले. पूर्वाचेही. दिवाळी तोंडावर आलेली. आबांनी गजाननरावांना दुसरा फोन काही केला नाही. मीही त्यांना करा म्हणाले नाही. जिना उतरताना त्यांनी खर्ऱ्याची पुडी मावशींच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि "पाप लागलं मले" म्हणाले. खाली ढेपेच्या दुकानापर्यंत गेले, आणि मुकाट्याने परत येऊन पुडी उचलून घेऊन गेले.

* * *

मग झालं लोणार.

एका संध्याकाळी गजाननरावांचा फोन. आबा आणि पूर्वा घरी पोचलेच नाहीत. आमच्याकडून तर दुपारीच निघाले होते! आबांचा मोबाइल नेहमीप्रमाणे घरी, उशीखाली. मी आणि मावशी धावत स्टँडवर गेलो. मावशी सगळे देव एकेक करून बोलावत होत्या. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. कंडक्टरचा मोबाइल होता आणि पलीकडे आबा होते, एकदम निवांत.

"मॅडम, घाबरू नका. आमी मेहकरले हाओत."

"मेहकर? आबा, पिंपळगाव राजा कुठे आणि मेहकर कुठे! उलट्या दिशेला कसे गेलात?"

"गप्पा करता करता लोणारच्या गाडीत बसलो न आमी. तिकिटाच्या टायमाले समजलं, पन पोट्टीची गोठ चालू होती, मधात कसं उतरनार?"

"पण लक्ष कुठे होतं तुमचं?"

"आमचं होतं ना, गोठीत!"

आता इथवर आलोच आहोत तर पोरीला सरोवर दाखवून आणतो, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. लोणारला त्यांची बहीण राहते. मुक्काम तिच्याकडे. मी फोन ठेवला, गजाननरावांना कळवलं आणि स्टँडवरच्या बाकावर बसून मावशींबरोबर हसत सुटले. हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी.

पुढच्या बैठकीला पूर्वा आली ती नेहमीपेक्षा गप्प. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, वरून एक दगड पडला आन् एवढं मोठं सरोवर झालं. मी लय वेळ पाह्यलं."

"घंटाभर!" आबा म्हणाले. "एक शब्द नाही, मॅडम. मले तं भेव वाटलं. दोनदा कपाळाले हात लावून पाह्यला, म्हटलं ताप-बीप तं नाही!"

डॉक्टर तिच्यासमोर खाली बसले. "काय केलंस गं तिथे?"

"काहीच नाही. फक्त पाह्यलं."

"बरं. मग आता बैलांकडे तसंच पाहशील?"

त्या दिवशी पूर्वाचे बैल पळाले नाहीत. पण चालले. दात सुटे, ओठ मिटलेले, आणि बैल आपले डुलत डुलत अर्ध्या पटापर्यंत. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण वाजवल्या असत्या तर बैल थांबले असते!

गजाननरावांना मात्र यातलं काही ऐकायचं नव्हतं. शाळा बुडाली होती, घरात संध्याकाळभर सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांचा फोन आला, "मॅडम, लक्षाचं ट्रेनिंग घेऊन राह्यलेली दोन मानसं चुकीच्या गाडीत बसतात, काय अर्थ हाय याले? शनिवारी मी सोता येतो. डोळ्यानं पाह्यतो. नाहीतं पेटी भरेलच हाय."

पत्र्याची नवी पेटी खरंच आणून ठेवली होती. आबांनी सांगितलं. तिच्यावर पूर्वाचं नावसुद्धा घातलं होतं.

* * *

शनिवार. गजाननराव आले. उंच, इस्त्रीचा शर्ट, दोन खिशांत दोन मोबाइल, तिसऱ्या खिशात खर्रा. चेहऱ्यावर काळजी होती, हे मला कबूल केलं पाहिजे. वाईट माणूस नव्हता. पोरीचं भलं व्हावं एवढंच त्यांना पाहिजे होतं, फक्त ते लवकर व्हावं असं वाटत होतं.

पूर्वा पट्टा बांधून बसली. बैलांनी पाऊल टाकलं की पूर्वा मागे वळून पाहायची, "बाबा, पाहून राह्यले ना?" बाबा फोनवर. बैल थांबायचे. पुन्हा पाऊल, पुन्हा मान मागे, पुन्हा बाबा दुसऱ्या फोनवर, कोणाला तरी युरिया आला की नाही ते सांगताहेत. असं होता होता वेळ संपली. बैल जागच्या जागी. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"झालं?" गजाननराव म्हणाले. "मॅडम, बैल पळवाले काय लक्ष लागते? आमच्या घरात तं तीन पिढ्या पट पळवला!"

मला इतका राग आला की मी काहीतरी बोलणार होते. पण पूर्वाच पट्टा सोडून उठली.

"मंग तुमी बसून पाहा ना, बाबा."

डॉक्टर म्हणाले, "बसा, बसा. काय हरकत आहे?"

गजाननराव हसत बसले. मावशींनी आधी त्यांचं कपाळ धुतलं. मी पट्टा बांधला. पूर्वा समोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात. "आऽऽ करा."

"काय?"

"तोंड दाखवा. नियम हाय."

चार लोकांसमोर कृषी केंद्राच्या मालकांनी तोंड उघडलं. पूर्वाने वाकून आत पाहिलं आणि सांगितलं, "खर्रा हाय. थुकून या." गेले, थुंकून आले. मग तिने दोन्ही मोबाइल काढून मावशींच्या हातात दिले. मावशींनी ते पदरात बांधून टाकले.

बैल उभे राहिले. गजाननराव एकटक पाहायला लागले. बैल हलेनात. मावशींच्या पदरात फोन वाजला, गजाननरावांची मान तिकडे. "बाबा, समोर!" पुन्हा सुरू. बैलांनी कान हलवले. "हाऽऽ हुर्रर्र!" गजाननराव नकळत ओरडले. मागून आबांनी तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते.

"हाक नाही मारायची, बाबा," पूर्वाने स्टूल ओढलं आणि ती त्यांच्या शेजारी बसली. त्यांचा गुडघा सारखा हलत होता, त्याच्यावर तिने हात ठेवला. "जोर नाही लावायचा. दात सोडा. फक्त पाह्यचं. मी हाओ ना."

आणि ती बसली. बैल एक पाऊल टाकायचे, थांबायचे. गजाननरावांच्या कपाळावर घाम. मधेच ते छताकडे पाहायचे, मधेच घड्याळाकडे, मधेच खिशाकडे, आणि दर वेळी पूर्वा हळूच म्हणायची, "गेलं, बाबा. आना परत." खाली रस्त्यावरून बँड गेला. डॉक्टर खिडकीशी जाऊन पाहून आले, मावशी पाहून आल्या, मीसुद्धा मान वळवली. पूर्वा नाही. खिडकीतून कबुतर आत आलं, पंख्याभोवती फिरलं, मावशींनी झाडू घेऊन त्याला हाकललं. पूर्वाचे डोळे बाबांच्या बैलांवर.

आबा माझ्या कानाशी आले. "मॅडम, केव्हाची बसेल हाय हो पोट्टी!"

मी त्यांचा हात दाबला. डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं.

वेळ संपल्याची घंटी वाजली. गजाननरावांची जोडी पटाच्या पहिल्या खुंटाशीही पोचली नव्हती. मी पट्टा सोडला. त्यांच्या कपाळावर सेन्सरचे गोल वळ उठले होते. त्यांनी मोबाइल मागितले नाहीत. स्क्रीनवर आलेला गुणांचा आकडा पाहिला, मग खाली स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. तिथे पूर्वाचा हात अजून तसाच होता.

पूर्वानेही आकडा पाहिला. मग तिने त्यांच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं आणि अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाली,

"जाऊ द्या, बाबा. तुमाले आमी नाही टाकत होस्टेलात."